‘ऑटोमॅटिक’ म्हणून बदनाम झालेल्या जुन्या शिकारी रायफली: थोडी पार्श्वभूमी

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं परवान्याची तीनाऐवजी दोनच हत्यारं राहतील असं ठरलं, तिसरं वर्षभरात जमा करा म्हणून सांगितलं, अन् तेव्हापासून आमच्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातल्या जुन्या मालगुजारी वाड्यांत एकच वाद. बारा बोरची बंदूक कोणी सोडत नाही, ती राखणीची. बोल्टवाली (काडतुसामागचा दांडा, म्हणजे बोल्ट, दर वेळी हातानं ओढून भरायची) ३१५ ची रायफल पण ठेवायची, कारण तिची काडतुसं देशात बनतात. मग जाणार कोण, तर आजोबाची ती ‘ऑटोमॅटिक’, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, नेम धरत नाही अन् दुसऱ्या-तिसऱ्या बाराला अटकते. हे उत्तर कुठून आलं ते पाहायला थोडं मागं जावं लागते, कारण त्यातलं अर्धं खरं आहे अन् अर्धं भलत्याच रायफलीचं पाप हिच्या माथी आलेलं आहे.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. विंचेस्टरनं १९०३ ला २२ ची अन् १९०५ ते १९१० मध्ये ३२, ३५, ३५१, ४०१ अशा बोरच्या (नळीच्या मापाच्या) सेल्फ-लोडिंग, म्हणजे आपोआप भरणाऱ्या रायफली काढल्या. यांच्या बोल्टला कुलूपच नाही, फक्त वजन. पुढच्या लाकडाखाली लोखंडाचा मोठा ठोकळा बोल्टला जोडलेला, दारूचा धक्का त्या वजनाला मागं ढकलेपर्यंत गोळी नळीबाहेर. म्हणून त्या अंगाच्या मानानं जड वाटतात अन् बार झाला की हातात एक वेगळाच हिसका बसतो. १९०६ ला रेमिंग्टनची आली, तिलाच पुढं मॉडेल ८ म्हणू लागले. तिची तऱ्हा पूर्ण वेगळी, बार झाला की नळी अन् बोल्ट कुलूप लागलेल्या अवस्थेतच सोबत मागं जातात, मग नळी एकटी पुढं परतते, रिकामं काडतूस उडते, अन् शेवटी बोल्ट नवीन काडतूस घेऊन पुढं येतो. हे सगळं बाहेरच्या एका जाड नळकांड्यात होते. बेल्जियममध्येही ही बनली. १९३६ पासून तिचीच सुधारलेली ८१, ती १९५० पर्यंत.

आता नेमाची गोष्ट इथंच आहे. त्या रेमिंग्टनची नेम धरायची मागची पट्टी अन् पुढची माशी दोन्ही बाहेरच्या नळकांड्यावर बसवलेल्या, नळीवर नाहीत. म्हणजे तुम्ही नेम धरता एका वस्तूवरून अन् गोळी सुटते दुसऱ्या वस्तूतून, अन् ती दुसरी वस्तू दर बाराला मागं-पुढं फिरून परत जागेवर येणार. ती दर वेळी केसभरही न हलता तिथंच येईल ही अपेक्षाच जास्तीची आहे. तरी चांगल्या स्थितीतली शंभर यार्डावर दोन ते चार इंचात गोळ्या बसवते, चांगली बोल्टवाली इंच-दीड इंचात. कागदावर हा फरक मोठा दिसते. पण मचाणावरून बांबूच्या रांजीत, सांजवेळी, चाळीस-पन्नास पावलांवर बसून राहणाऱ्याला तीन इंचानं काय फरक पडते? आमच्याकडं शंभर यार्ड मोकळं दिसते ते धानाची बांधी रिकामी झाल्यावर, बाकी वर्षभर जंगलात तर सोडाच, तुरीच्या वावरातही पन्नास पावलांपुढं डुक्कर आहे का रोही (नीलगाय) हे कळत नाही. नेम धरत नाही ही तक्रार मला तरी नेहमी थोडी शहरी वाटत आली, टार्गेट अन् दुर्बिणीवाल्यांची.

अटकण्याची तक्रार मात्र खरी, अन् ती मुख्यतः १९५५ नंतरच्या गॅसवाल्या रायफलींची आहे. रेमिंग्टनची ७४० त्या वर्षी आली, १९६० ला ७४२, अन् ती १९८० पर्यंत चालली, दहा लाखांच्या वर विकली गेली. नळीला बारीक भोक, त्यातून गोळीमागचा गॅस खाली येते अन् एका सरकत्या दांड्याला मागं फेकते, त्यानं बोल्ट फिरून कुलूप उघडते. दिसायला सुंदर, अंगानं हलकी, ३०-०६ सारखी भारी गोळी. खोड कुठं आहे, तर बोल्ट मागं-पुढं जाताना त्याच्या कुलपाचे दात रायफलीच्या सांगाड्यातल्या रुळांवर घासतात. काही हजार बार झाले, त्यातही मळ न काढता झाले, की त्या रुळांवर खाचा पडतात, बोल्ट त्या खाचांत अडखळते. अन् रूळ सांगाड्याचाच भाग, बदलता येत नाहीत, म्हणजे रायफल संपली. अमेरिकेत तिला जॅम-ओ-मॅटिक असं टोपण नाव पडलं, आपण अटकमॅटिक म्हणू. त्याच काळातली विंचेस्टर १०० (१९६१ ते १९७३), तिच्या फायरिंग पिनचं टोक तुटून बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आतच बार होऊ शकते म्हणून १९९० ला कंपनीनं स्वतःच पिन बदलून घ्या असा रिकॉल काढला. १९६७ ची ब्राउनिंगची ‘बार’ (BAR) नावाची रायफल मात्र याच गॅसवर चालते, बोल्टला सात दात, अन् तिच्याबद्दल अशी ओरड नाही. म्हणजे दोष गॅसचा नाही, एका सांगाड्याचा अन् एका पिनेचा. पण नाव खराब झालं ते सगळ्यांचं, १९०६ वाल्या म्हातारीचंही, जिच्यात असले रूळच नाहीत.

आमच्या एका नातेवाइकाच्या वाड्यातली अशीच एक पस्तीस बोरची, नळी मागं-पुढं होणारी. काका तीस वर्षं सांगून राहिले होते, दगाबाज आहे, आजोबाला डुकरानं मारलं असतं हिच्यापायी. नागपूरहून एक म्हातारे बंदूक-मिस्त्री आले, त्यांनी पुढचं लाकूड उतरवलं, नळकांड्यात बोट घातलं अन् बोटाला पिवळा, चिकट, अर्धवट वाळलेला थर. वास घेतला अन् म्हणाले, “जवस!” दिवाणजी दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आधी जवसाचं तेल ओतून ठेवत, घरचं तेल, फुकटचं. जवसाचं तेल लाकडाला चांगलं, पण ते वाळते, वाळून रोगणासारखा पापुद्रा धरते. त्या पापुद्र्यात नळी सरकणार कशी? अर्धी मागं येऊन थांबायची अन् काडतूस तोंडात अटकायचं. घासलेटात दोन दिवस भिजवून, ब्रशनं घासून, मशीनच्या तेलाचे चार थेंब टाकले अन् हातानं बोल्ट ओढला तर नळी घड्याळासारखी सरकली. काका काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

असं प्रत्येक वाड्यात झालं असं माझं म्हणणं नाही. पण सेमी-ऑटोचा, म्हणजे या आपोआप भरणाऱ्या रायफलींचा, भरवसा हा रायफलीपेक्षा काडतुसावर अन् तेलावर जास्त टिकलेला असते, ही गोष्ट आमच्याकडं कोणी लक्षातच घेतली नाही. बोल्टवालीत जुनं, दारू नरम पडलेलं काडतूस निघालं तर बार हलका होते, तुम्ही हातानं बोल्ट ओढून पुढचं घालता, संपलं. सेमी-ऑटोत तोच हलका बार यंत्र पूर्ण मागं ढकलू शकत नाही, म्हणून अटकते. त्यात चंद्रपूरचा सत्तेचाळीस डिग्रीचा उन्हाळा अन् लगेच चार महिन्यांची ओल. जुन्या क्लोरेटवाल्या कॅपच्या (बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टिकलीच्या) काडतुसांचं मीठ नळीत राहते, ते हवेतलं पाणी ओढते, खड्डे पडतात, अन् चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या जागेला, खड्डे पडले की रिकामं काडतूस तिथंच चिकटते. गरम पाण्यानं नळी धुवायची असते हे फौजेतून आलेल्या लोकांना माहीत होतं, मालगुजाराच्या दिवाणजीला नाही.

आता त्या शब्दाकडं येतो, कारण खरा गोंधळ तिथं आहे. ऑटोमॅटिक म्हणजे चाप दाबून धरला तर थांबेपर्यंत गोळ्या सुटत राहतात ती. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एका चापाला एकच गोळी, फक्त पुढचं काडतूस आपोआप भरते. पण कंपन्यांनीच घोळ घालून ठेवला. एकीनं सेल्फ-लोडिंग म्हटलं, दुसरीनं ऑटोलोडिंग. ब्राउनिंगची पाच काडतुसांची बारा बोर ऑटो-५, ती पण एका चापाला एकच. अन् कहर म्हणजे १९६७ च्या शिकारी रायफलीला जे ‘बार’ (BAR) नाव दिलं ते १९१८ च्या फौजी, खऱ्याखुऱ्या ऑटोमॅटिक रायफलीचं, ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल याचंच लघुरूप. वर सांगितलेल्या पस्तीस बोरवालीच्या परवाना बुकात तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन नोंदी आहेत, आधी ‘ऑटो रायफल’, मग ‘स्वयंचलित’, मग कोणीतरी वर बारीक अक्षरात ‘अर्ध’ घुसवलेलं. त्या ‘अर्ध’ साठी तहसील ते जिल्हा किती चकरा झाल्या असतील बाप्पा.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात मनाई असलेल्या हत्याराची व्याख्या आहे ती चाप दाबून ठेवल्यावर गोळ्या सुटत राहणाऱ्याची. तिच्यात सेमी-ऑटो बसत नाही. पण १९६२ चे नियम आले, त्यांच्या पहिल्या परिशिष्टात अर्ध-स्वयंचलित शस्त्रं सरळ पहिल्या प्रवर्गात गेली, त्या मनाईवाल्यांच्याच शेजारी, अन् साध्या रायफली तिसऱ्या प्रवर्गात राहिल्या. त्यातही अपवाद केला तो पिस्तुलांचा! म्हणजे खिशात मावणारं, सात-आठ गोळ्या सटासट सोडणारं सेमी-ऑटो पिस्तूल तिसऱ्या प्रवर्गात, अन् साडेतीन फुटाची, लपवायची म्हटली तरी न लपणारी शिकारी रायफल पहिल्यात. दुसरा निकष बोरचा, .३०३ किंवा ७.६२ ची सरकारी काडतुसं ज्यात चालतात ती रायफलही पहिल्या प्रवर्गात, मग बोल्टवाली का असेना. ३०-०६ ची गोळी जाडीनं ७.६२ चीच, पण काडतूस वेगळं, म्हणून बोल्टवाली ३०-०६ सुटते, अन् त्याच बोरची ७४२ अडकते.

दुसरी बाजू आहे, नाही असं नाही. महायुद्धानंतर फौजी हत्यारं इकडं-तिकडं पसरली होती, अन् भराभर सुटणाऱ्या रायफलीची सरकारला काळजी वाटणं चुकीचं नाही, गडचिरोलीकडं राहणाऱ्याला तर हे समजावून सांगावंच लागत नाही. पण पिस्तुलाचा अपवाद मला आजवर कोणी नीट समजावून सांगितला नाही. कायद्यानं शेतकऱ्याचा विचार केला तो वेगळ्या कलमात, पिकाच्या राखणीसाठी भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक. रोही अन् डुक्कर कळपानं येतात, भरमारीचा एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत अर्धा धुरा पार.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला अन् शिकारीवर कडक बंधनं आली. मचाण, हाका, गारा हे शिकारीचे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिले. पुढं १९८० च्या दशकाच्या मध्यात बाहेरून हत्यारं आणणंही साध्या माणसाला बंद झालं, त्यामुळं एकीकडं जुन्या विलायती बोल्टवाल्यांचे भाव आभाळाला भिडले अन् दुसरीकडं ३५, ३५१ सारख्या बोरच्या सेमी-ऑटो काडतुसांविना पेटीत पडून राहिल्या. वापरच नाही म्हटल्यावर वाळलेलं तेल कोण पाहते, अन् ‘अटकते’ हे जुनं वाक्य पुढच्या पिढीला तसंच वारशात मिळत गेलं.

काकांनी शेवटी ती जमा केली, मिस्त्री येऊन गेल्यावर दीड महिन्यानं. सोबत टीनाच्या डबीतली सात काडतुसं होती, तोंडाशी हिरवी पडलेली, त्यातली दोन मोजणाऱ्या शिपायानं कागदावर घासून पाहिली अन् हात पँटला पुसला.