फक्त एकच सायकल मारतो!

दोन-तीन वर्षं जिम केलेल्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात हा विचार कधीतरी येऊन जातो. बेंच प्रेस एकाच वजनावर अडकलेला असतो, अंडी, चिकन, व्हे प्रोटीन सगळं चालू असतं, आणि आपल्या मागून आलेला एखादा सहा महिन्यांत डबल दिसायला लागतो. मग कोणीतरी हळूच सांगतं, भावा एक सायकल मार, म्हणजे दहा-बारा आठवड्यांचा स्टेरॉइडचा कोर्स, काही होत नाही. इथे मी ऑफिस सुटल्यावर तासभर व्यायाम करणाऱ्यांबद्दलच बोलतोय, 'मुंबई श्री'च्या स्टेजवर उतरणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू, स्टेरॉइड काम करतं. अमेरिकेतले डॉक्टर बरीच वर्षं म्हणायचे की याने खास काही होत नाही, आणि जिममधली मंडळी त्यांना हसायची, कारण समोर आरशात दिसत होतं ना! शेवटी 1996 मध्ये लॉस एंजेलिसच्या शालेंदर भसीन यांच्या टीमने नीट प्रयोग करून हा वाद मिटवला. काही पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट (पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, हेही स्टेरॉइडच) दिलं, काहींना नुसतं खोटं इंजेक्शन, आणि दोन्हीकडे अर्ध्यांना व्यायाम, अर्ध्यांना आराम. खोटं इंजेक्शन घेऊन व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून वजन सुमारे 1.9 किलो वाढलं, तर औषध घेऊन काहीच व्यायाम न करणाऱ्यांचं 3.2 किलो! औषध आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचं 6.1 किलो. म्हणजे घरी बसून राहिलेला माणूस जिमवाल्याच्या पुढे गेला. हे वाचून मोह होतो हे मला कळतं.

पण 600 हा आकडा बघा. पुरुषाचं शरीर स्वतः दिवसाला साधारण 5 ते 7 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, आठवड्याचं झालं पन्नासच्या आत, आणि इंजेक्शनमध्ये हार्मोन हळूहळू सुटावं म्हणून जोडलेल्या एस्टरचं वजन वजा केलं तरी हा डोस त्याच्या आठ-दहा पट होतो. आता मेंदू हे बघत असतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते, आणि त्यावर वृषण टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. गच्चीवरच्या टाकीत टँकरने पाणी भरलं की बॉलकॉक वर जाऊन नळाची लाइन आपोआप बंद होते, तसंच इथे बाहेरून हार्मोन आलं की एलएच जवळपास शून्यावर जातं, वृषण काम थांबवतात आणि लहान होतात.

त्यात एक गंमत अशी की रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही शुक्राणू बनत नाहीत, कारण त्यासाठी वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं आणि ते तिथेच बनावं लागतं. हे इतकं भरवशाचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला 200 मिलिग्रॅमचं हेच इंजेक्शन तपासलं होतं, 1990 मध्ये निकाल आले, आणि बहुतेकांच्या वीर्यातले शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले होते. जिममधला डोस याच्या दुप्पट-तिप्पट. लग्न ठरलेल्या पोराला हे कोण सांगतं?

आता माझा खरा मुद्दा. 'एकच सायकल' म्हणताना सगळे सुरू कसं करायचं याचा हिशोब करतात, बंद केल्यावर काय, याचा करत नाहीत. इंजेक्शन संपलं की बाहेरचा माल गेलेला असतो आणि आतली फॅक्टरी अजून झोपलेली असते, ती जागी व्हायला काही आठवडे लागतात, कोणाला महिने, कोणाला वर्षभर. या काळात मरगळ, चिडचिड, झोप नाही, सेक्सची इच्छा नाही, आणि कमावलेलं मसल डोळ्यांसमोर उतरत जातं. यावरचं सगळ्यात सोपं औषध कपाटातच असतं, दुसरी सायकल. डेन्मार्कमधल्या 2016 च्या एका अभ्यासात स्टेरॉइड सोडून दोन-अडीच वर्षं झालेल्या पुरुषांचंही टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा कमी सापडलं होतं. पीसीटी म्हणून, म्हणजे सायकल संपल्यावर आतली फॅक्टरी जागी करायला, ज्या गोळ्या देतात त्याने सगळं हमखास पूर्ववत होतं असं समजू नका.

हृदयाचं तर आरशात दिसतच नाही. अमेरिकेत 2017 मध्ये वेटलिफ्टिंग करणाऱ्या 140 पुरुषांची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तेव्हा स्टेरॉइड न घेणाऱ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय एका ठोक्यात आतलं किती रक्त बाहेर फेकतं ते) सरासरी 63 टक्के, घेणाऱ्यांचं 52, आणि त्यातही त्यावेळी औषध चालू असलेल्यांचं 49. अर्थात हे लोक वर्षानुवर्षं घेणारे होते. नेदरलँड्समध्ये सायकल मारणाऱ्या हौशी 100 जणांवर लक्ष ठेवलं तर सायकलमध्ये हृदयाचा पंप थोडा कमजोर झाला, भिंती जाड झाल्या आणि सोडल्यावर बहुतेकांचं परत आलं. म्हणजे एका सायकलने माणूस मरतो वगैरे म्हणणं खोटंच आहे. पण चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, रक्त घट्ट होतं, गोळ्यांच्या प्रकारांनी लिव्हरवर ताण येतो, आणि घरात आधीच हार्टची हिस्ट्री असेल तर तुम्ही त्या 'बहुतेकां'मध्ये बसाल का हे आधी सांगता येत नाही. डेन्मार्कमध्ये साध्या जिममध्येही डोपिंग टेस्ट होते, आणि तिथे पॉझिटिव्ह सापडलेल्या 545 पुरुषांचा मृत्यूदर पुढच्या काही वर्षांत त्याच वयाच्या इतरांच्या तिप्पट निघाला, अर्थात त्यात त्यांच्या बाकीच्या सवयींचाही हात असू शकतो.

शिवाय बाटलीत काय आहे हेही माहीत नसतं. आपल्याकडे काही जिममध्ये फिरणारं मेफेंटरमिन तर स्टेरॉइडच नाही, ऑपरेशनमध्ये बीपी फार पडलं तर द्यायचं इंजेक्शन आहे ते, आणि पोरं ते 'पंप'साठी, म्हणजे व्यायामात मसल फुगलेले दिसावेत म्हणून टोचतात!

माझं मत विचाराल तर हौशी माणसाने नाही घ्यावं. तुमच्याकडे ना बक्षीस आहे ना स्पॉन्सर, आणि 'अडकलो' म्हणणाऱ्यांचं बऱ्याचदा झोप आणि प्रोग्रामचंच गणित चुकलेलं असतं. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जाऊन नाव आणि डोस सरळ सांगावा, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, लिपिड, हिमोग्राम, इको आणि मूल हवं असेल तर सीमेन टेस्ट करून घ्यावी. लपवण्यात अर्थ नाही, कारण टेस्टोस्टेरॉन आभाळाला आणि एलएच शून्याला टेकलेला रिपोर्ट बघून त्यांना तसंही कळतंच.