अपडेटनंतरचा रीस्टार्ट: का लागतो, आणि कधी होऊ द्यायचा

ऑगस्ट 2003 मध्ये जगभरच्या विंडोज एक्सपी कॉम्प्युटरांवर एक चौकट उघडू लागली. यंत्रणा बंद होत आहे, काम सेव्ह करून घ्या, असा मजकूर आणि खाली साठ सेकंदांची उलटी मोजणी. मोजणी संपली की कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. इंटरनेटला पुन्हा जोडला की थोड्या वेळात परत तीच चौकट. हा ब्लास्टर नावाच्या वर्मचा, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामचा, प्रताप होता. विंडोजच्या आरपीसी या पडद्यामागे चालणाऱ्या सेवेतल्या एका चुकीतून तो आत शिरायचा, त्या धक्क्याने ती सेवाच कोसळायची, आणि ती कोसळली की विंडोज स्वतःला रीस्टार्ट करून घ्यायचं. माहीतगार मंडळी घाईघाईने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘शटडाउन -ए’ टाइप करायची आणि मोजणी थांबवायची.

वर्म आला 11 ऑगस्टला. त्या चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 16 जुलैलाच देऊन ठेवली होती. म्हणजे अपडेटसाठी एकदा रीस्टार्ट करायचा ज्यांनी कंटाळा केला, त्यांच्या वाट्याला दर काही मिनिटांनी एक रीस्टार्ट आला.

आजच्या आपोआप होणाऱ्या अपडेटची मुळं त्या वर्षात सापडतात. ऑक्टोबर 2003 पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट देण्याचा परिपाठ सुरू केला. तो ‘पॅच ट्यूजडे’ म्हणून ओळखला जातो. पुढच्या वर्षी आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 ने आपोआप अपडेट चालू करून घेण्याचा आग्रह धरला. 2015 च्या विंडोज 10 मध्ये आग्रहाची सक्ती झाली. होम आवृत्ती वापरणाऱ्याला अपडेट नाकारायची सोयच ठेवली नव्हती, आणि रीस्टार्ट कधी होईल याचाही भरवसा नव्हता. सुरक्षेच्या दृष्टीने कंपनीचं म्हणणं बरोबर होतं, पण ते गळी उतरवण्याची पद्धत वाईट होती. चालू सादरीकरणात, रात्रभर लावलेल्या रेंडरिंगच्या (व्हिडिओ किंवा ॲनिमेशन तयार करण्याच्या) मधेच कॉम्प्युटर बंद पडला की माणूस सुरक्षेचं तत्त्वज्ञान ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. तो अपडेट कायमचं कसं बंद करायचं, हे शोधायला लागतो.

मुळात रीस्टार्ट लागतोच कशाला?

अपडेट म्हणजे डिस्कवरच्या जुन्या फाइलींच्या जागी नव्या फाइली. पण कॉम्प्युटर चालू असताना त्या फाइलींतला प्रोग्राम मेमरीत चढलेला असतो आणि काम करत असतो. अशा वापरातल्या फाइलींना विंडोज कुलूप घालतं. त्यांच्यावर दुसरं काही लिहू देत नाही. त्यामुळे नव्या फाइली आधी विन-एसएक्सएस नावाच्या कोठारात उतरवल्या जातात. तिथे प्रत्येक भागाच्या निरनिराळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत शेजारी शेजारी राहू शकतात. कोणत्या नावापुढे आता कोणती आवृत्ती जोडायची, याची एक राहिलेल्या कामांची यादी तयार होते. ही यादी पुरी करायला सगळं थांबलेलं असावं लागतं. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक ठाऊक आहे: रूळ बदलायचा तर त्यावरून लोकल धावत असून चालत नाही. पडद्यावर टक्केवारी दिसत राहते तो हा वेळ. काही काम बंद होताना उरकतं, उरलेलं सुरू होताना, तुमचे प्रोग्राम जागे व्हायच्या आत.

लिनक्समध्ये असं कुलूप नसतं. तिथे फाइलीचं नाव आणि फाइलीतला ऐवज या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नाव नव्या ऐवजाकडे वळवता येतं, आणि जुना ऐवज ज्यांनी उघडून ठेवला आहे त्यांच्यासाठी तो तसाच जिवंत राहतो. ऐकायला सोयीचं वाटतं, पण घोळ इथेच आहे. डिस्कवर नवी फाइल आली, तरी चालू असलेला प्रोग्राम जुनाच कोड वापरत बसतो. एप्रिल 2014 मध्ये ओपन-एसएसएल या, अनेक प्रोग्राम सामायिक वापरतात अशा सुरक्षेच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक उघड झाली, तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हेच परत परत सांगावं लागलं: लायब्ररी अपडेट केलीत, आता ती वापरणाऱ्या सेवा रीस्टार्ट करा. नाहीतर अपडेट कागदोपत्री झालेलं आणि भोक तसंच उघडं. विंडोज रीस्टार्टसाठी अडून बसतं त्याची चीड येते, पण अपडेट पुरं झालेलं नाही हे ते निदान लपवत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो. ‘मी तर रोज रात्री शट डाउन करतो, मग याला वेगळा रीस्टार्ट कशाला हवा?’ त्याचं उत्तर 2012 च्या विंडोज 8 मध्ये आहे. कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा म्हणून त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल, खरोखर बंद होत नाही. त्याची मेमरीतली स्थिती जशीच्या तशी डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ‘अप टाइम’ पाहिलात, तर रोज बंद होणारा कॉम्प्युटर कित्येक दिवस अखंड चालू असल्याचं दिसू शकतं. रीस्टार्ट केला की मात्र गाभा खरोखर बंद होऊन नव्याने उभा राहतो. अपडेट वाट पाहत असेल तेव्हा पॉवरच्या बटणात ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ आणि ‘अपडेट अँड शट डाउन’ असे पर्याय दिसतात. तेव्हा साधं ‘शट डाउन’ निवडलं तर ते काम तसंच राहतं. दुसऱ्या पर्यायानेही अपडेट पुरं होतं. एक मात्र खरं, की ‘अपडेट अँड शट डाउन’ दाबूनही सकाळी कॉम्प्युटर चालूच सापडायचा ही अनेकांची तक्रार खोटी नव्हती. ती चूक दुरुस्त व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला.

आता वेळ ठरवण्याबद्दल. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट आणि तिथून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ‘ॲक्टिव्ह अवर्स’. या तासांत आपोआप रीस्टार्ट करायचा नाही, असा तो करार. 2016 मध्ये तो विंडोज 10 मध्ये आला. आता विंडोज तुमच्या सवयी पाहून हे तास स्वतःही ठरवतं, आणि गोची तिथेच आहे. रात्री रेंडरिंग किंवा मोठं डाउनलोड लावून तुम्ही झोपलात, तर माऊस-कीबोर्डाला कुणी हात लावलेला नसतो. विंडोजच्या लेखी ती रिकामी वेळ. म्हणून ज्यांचे कॉम्प्युटर रात्री राबतात त्यांनी हे तास हाताने ठरवावेत. कमाल मर्यादा 18 तासांची आहे आणि मध्यरात्र ओलांडून जाणारी वेळही चालते. संध्याकाळी चारपासून सकाळी दहापर्यंत, असं बिनदिक्कत भरता येतं. मग रीस्टार्टला उरतात दिवसाचे सहा तास, आणि तेव्हा तुम्ही समोर असता.

त्याच पानावर ‘गेट मी अप टू डेट’ नावाचं एक बटण आहे. नाव भलं वाटतं, पण ते चालू केलं तर ॲक्टिव्ह अवर्सचा मुलाहिजा न ठेवता, जेमतेम पंधरा मिनिटं आधी सांगून रीस्टार्ट होतो. ते बंदच असू द्या. त्याऐवजी रीस्टार्ट हवा असेल तेव्हा सूचना देणारं बटण चालू करा, आणि सूचना आली की ‘शेड्यूल द रीस्टार्ट’मध्ये सोयीचा दिवस आणि वेळ भरून टाका. परीक्षा, ऑनलाइन मुलाखत, विवरणपत्रं भरण्याची शेवटची तारीख असं काही तोंडावर असेल, तर ‘पॉज अपडेट्स’ने पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येतात. ही सवलत संपली की आधी अपडेट घ्यावं लागतं.

विंडोज अपडेटची सेवाच बंद करून टाकण्याचे उपाय बरेच जण सुचवतात. ते टिकत नाहीत, कारण अपडेटची व्यवस्था बिघडली तर ती पूर्ववत करायला ‘अपडेट मेडिक’ नावाची दुसरी सेवा नेमलेली असते. आणि टिकले तर जास्त वाईट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा वाचवायचा असेल, तर त्या जोडणीला ‘मीटर्ड’ म्हणून खूण करणं पुरेसं आहे. मग बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत.

लॅपटॉप आठवड्यातून एखाद्या वेळी अर्धा तास उघडणाऱ्यांना अपडेट नेमकं नको तेव्हा गाठतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या पाहणीवरून सांगितलेला हिशेब असा: अपडेट आल्यानंतर ते नीट बसायला कॉम्प्युटर सलग किमान दोन तास आणि एकूण किमान सहा तास चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठकांत हे कधी पुरं होणार? महिन्यातून एखाद्या संध्याकाळी लॅपटॉप चार्जरला आणि वायफायला जोडून नुसता चालू ठेवणं, हा यावरचा सगळ्यात बिनखर्चाचा इलाज आहे. जिथे वीज बेभरवशाची, तिथे यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपचा रीस्टार्ट भारनियमनाच्या वेळेच्या आसपास ठेवू नये. टक्केवारी सरकत असताना वीज गेली तर विंडोज बहुधा केलेले बदल उलटे फिरवून सावरतं, पण त्या ‘बहुधा’वर ऑफिसचे हिशेब ठेवलेला कॉम्प्युटर सोपवणं काही खरं नाही.

ऑफिसात प्रश्न एका कॉम्प्युटरचा राहत नाही. 14 मार्च 2017 ला मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगमधली एक गंभीर चूक दुरुस्त केली. 12 मेला तीच चूक वापरून वॉनाक्राय हा खंडणी मागणारा वर्म पसरला आणि दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांना त्याने ग्रासलं. त्यानंतरही धडा अर्धवटच राहिला. 27 जूनला तीच चूक वापरणारा नॉटपेट्या आला, आणि मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा बंदरातल्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. नॉटपेट्या जास्त खोडसाळ होता. अपडेट न झालेला एक कॉम्प्युटर सापडला की तो त्यात शिरायचा, तिथल्या मेमरीतले पासवर्ड चोरायचा आणि त्यांच्या जोरावर अपडेट झालेल्या कॉम्प्युटरांतही घुसायचा. शिवाय घाव घालायला त्यालाही रीस्टार्ट लागायचा! तो गुपचूप तासाभरानंतरचा रीस्टार्ट लावून ठेवायचा, आणि सुरू होताना डिस्क तपासली जात असल्याचं खोटं चित्र दाखवत आतला डेटा कुलूपबंद करायचा.

म्हणून जाणते ॲडमिन दोन गोष्टी करतात. अपडेट आधी मोजक्या कॉम्प्युटरांवर सोडतात, दोन-चार दिवस बघतात, मग बाकीच्यांवर. आणि रीस्टार्टला मुदत घालतात. मुदतीपर्यंत वेळ तुम्ही निवडा, त्यानंतर तो होणारच. कुणी लॉगिन केलेलं असेल तर रीस्टार्ट करू नये, अशीही एक पॉलिसी आहे आणि ती फार लोकप्रिय आहे. मुदतीशिवाय वापरली तर ती घातक ठरते, कारण ऑफिसातले लोक लॉगआउट करतच नाहीत, नुसता स्क्रीन लॉक करून घरी जातात.

रीस्टार्टच नको, यासाठीही खटपट झाली आहे. एमआयटीत शिकणाऱ्या जेफ अर्नोल्डकडे तिथल्या एका सर्व्हरची देखभाल होती. वापरणाऱ्यांचा खोळंबा नको म्हणून त्याने एक सुरक्षा अपडेट शनिवार-रविवारवर ढकललं, आणि त्याआधीच घुसखोर आत आला. त्यातून त्याने केस्प्लाइस हे तंत्र उभं केलं. त्याची कंपनी 2011 मध्ये ओरॅकलने घेतली. युक्ती अशी, की चालू कर्नेलमधल्या सदोष फंक्शनच्या, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, सुरुवातीलाच ‘इथून उडी मार, नवं फंक्शन तिकडे आहे’ अशी सूचना लिहायची. मात्र त्या क्षणी कुणी जुन्या फंक्शनच्या आत अडकलेलं नाही, हे आधी तपासायचं. 2015 च्या लिनक्स 4.0 पासून अशी सोय खुद्द कर्नेलमध्ये आली. विंडोजनेही एक्सपी सर्व्हिस पॅक 2 पासून 32 बिटी फाइलींतल्या फंक्शनांच्या आरंभी दोन बाइटांची एक निरर्थक सूचना मुद्दाम ठेवली होती, ती अशाच उडीची जागा म्हणून.

पण दुरुस्तीत मेमरीतल्या माहितीची मांडणीच बदलणार असेल, तर नुसत्या उडीने भागत नाही. त्यामुळे एप्रिल 2025 मध्ये विंडोज 11 एंटरप्राइझला मिळालेल्या ‘हॉटपॅच’मध्येही जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रीस्टार्ट ठेवलेलाच आहे, मधले आठ महिने तो लागत नाही. होम आवृत्तीला हे मिळत नाही. अँड्रॉइडने 2016 मध्ये वेगळी वाट काढली. फोनमध्ये यंत्रणेच्या दोन जागा ठेवायच्या, एक वापरात असताना दुसरीत अपडेट बसवायचं, आणि रीस्टार्टला फक्त जागा बदलायची. ज्या फोनांत ही सोय आहे ते अपडेटनंतर चटकन उठतात, आणि नवी जागा सुरू झाली नाही तर जुनी हाताशी असते.

घरच्या विंडोजवाल्याला तूर्त महिन्याचा एक रीस्टार्ट चुकत नाही, तेव्हा तो बुधवारी दुपारी जेवायला उठताना स्वतःच करून टाकणं सोयीचं. पॅच ट्यूजडेची अपडेट भारतीय वेळेनुसार मंगळवारी रात्री साडेदहाला सुटतात, अमेरिकेत हिवाळ्याची वेळ लागू असेल तेव्हा साडेअकराला. त्यामुळे आपल्याकडे ती हाती पडतात बुधवारी. हा बुधवार बहुतेकदा महिन्यातला दुसरा असतो, पण महिना बुधवारीच सुरू झाला असेल तर तिसरा.