क्यूआर कोडवर नाव-गाव नसतं, आणि त्याला कारण तो जन्मला तो कारखाना

क्यूआर कोड स्कॅन करून कुणाचे पैसे गेले की लोक म्हणतात कोड हॅक झाला. बहुतेक वेळा तसलं काहीच झालेलं नसतं, कोड त्याला नेमून दिलेलं काम चोख करत असतो, आणि ते काम काय हे कळायला १९९४ सालच्या जपानमध्ये जावं लागतं.

टोयोटाला पार्ट पुरवणारी डेन्सो नावाची कंपनी, आइची प्रांतातली. पार्टांच्या खोक्यांवर बारकोड असायचे, पण एका बारकोडात मावणार जेमतेम वीसेक अक्षरं, म्हणून एकेका खोक्यावर बरेच बारकोड आणि कामगार दिवसभर ते एकामागून एक स्कॅन करत बसलेले. तिथले इंजिनियर मासाहिरो हारा यांनी आडवी-उभी दोन्हीकडे माहिती भरता येईल असा चौकोन बनवायला घेतला (जेवणाच्या सुट्टीत ते गो खेळायचे, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा तो पट बघून सुचलं असं सांगतात). अडचण अशी की मशीनला कोड नेमका कुठे आहे ते पटकन सापडायला हवं. मग त्यांच्या टीमने मासिकं, जाहिरातीची पत्रकं, पुठ्ठ्याची खोकी असं मिळेल ते छापील सामान घेऊन काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण मोजलं आणि छपाईत सगळ्यात कमी दिसणारं प्रमाण शोधून काढलं, १:१:३:१:१. तीन कोपऱ्यातले ते चौकोन म्हणजे हेच, कुठल्याही कोनातून मधोमध रेघ मारा, प्रमाण तेच येतं. कारखान्यात तेल लागणार, कागद मळणार, म्हणून कोडचा जास्तीत जास्त ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी सोय केली, आणि आज लोक मधे लोगो घालतात ते याच जिवावर.

आता या सगळ्यात काय नाही ते बघा. हा कोड कुणी बनवला, हे तपासायची जागाच नाही. का असेल? खोकं आपलं, लेबल आपलं, मशीन आपलं, फसवणार कोण? आणि पुढे कंपनीने पेटंट असूनही हक्क गाजवला नाही, कुणीही बनवा, फुकट वापरा. मला हा निर्णय फार मोठ्या मनाचा वाटतो, त्याच्याशिवाय क्यूआर जगभर गेलाच नसता, पण "कुणीही बनवा" मधे चोरही आले.

२००० मध्ये आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं, २००२ च्या सुमारास जपानमधल्या मोबाइलमध्ये कोड वाचायची सोय आली, आणि २०१७ मध्ये आयफोनचा कॅमेराच कोड वाचायला लागला. त्याआधी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागायचं, आणि ती सवय अजून काही जणांची गेलेली नाही. २०२० च्या शेवटी एक कोटीवर लोकांनी घेतलेलं एक बारकोड स्कॅनर अ‍ॅप, चांगलं काम करत होतं, एका अपडेटनंतर आपोआप जाहिरातीची पानं उघडायला लागलं आणि गूगलला ते प्ले स्टोअरवरून काढावं लागलं. फोनचा कॅमेरा कोड वाचत असेल तर वेगळं स्कॅनर अ‍ॅप ठेवूच नका.

आपल्याकडे एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत यूपीआय सुरू झालं, नोव्हेंबरात नोटबंदी, फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत क्यूआर नावाचा पैसे द्यायचा कोड. मग दुकानाच्या काउंटरवर प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा स्टिकर. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की कंपन्यांनी स्वतःपुरते नवे कोड काढायचे नाहीत आणि जुनेही मार्च २०२२ पर्यंत सगळ्या अ‍ॅपना चालतील असे करायचे. गिऱ्हाइकाची सोय झाली, पण खोटा एकच स्टिकर सगळ्या अ‍ॅपवर चालणार हेही आलंच.

पैसे द्यायच्या कोडात असतं काय, तर एक साधी ओळ, यूपीआय आयडी, नाव, कधी रक्कम. मुख्यतः एवढंच. ते नाव कोड बनवणारा हवं ते टाकू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रातोरात दुकानांबाहेरच्या कोडवर दुसरे कोड चिकटवले गेले आणि सकाळी गिऱ्हाइकांचे पैसे भलत्याच खात्यात. २०२२ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन शहरात पार्किंगच्या मशीनवर असेच स्टिकर सापडले, आणि तिथे तर पालिका पार्किंगसाठी क्यूआर वापरतच नव्हती! म्हणून २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अ‍ॅपना सांगितलंय की कोडातलं नाव दाखवायचं नाही, बँकेत नोंद असलेलंच दाखवायचं. पिन टाकायच्या आधी ते नाव वाचा आणि दुकानदाराला "हेच ना?" म्हणून विचारा, खरंच विचारा, कुणी रागवत नाही.

जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला की "मी आर्मीत आहे, हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणणारे भेटतात, ते तर कोडच्या कामाचा उलटा अर्थ सांगतात. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही, पिन तर मुळीच नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

कॉम्प्युटरवर गोष्ट जरा वेगळी. ऑफिसच्या मेलमध्ये फसवी लिंक असली तर फिल्टर पकडतो, म्हणून चोरांनी लिंक क्यूआरच्या चित्रात घातली, बऱ्याच फिल्टरना ते नुसतं चित्र वाटतं, आणि माणूस ते खाजगी फोनने स्कॅन करतो जिथे ऑफिसची सिक्युरिटी पोचत नाही. "पासवर्ड संपतोय, स्कॅन करा" असा मेल आला तर स्कॅन न करता स्वतः साइट टाइप करून जा. आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब २०१५ पासून क्यूआरने लॉगिन होतं, म्हणजे दुसऱ्याने पाठवलेला तसला कोड स्कॅन केलात तर तुमचं अकाउंट त्याच्या कॉम्प्युटरवर उघडतं. सेटिंगमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी काही दिसलं तर तिथल्या तिथे लॉगआउट करा.

कारखान्यात जे राहून गेलं ते नंतर काही ठिकाणी भरूनही काढलंय. आधार कार्डावरच्या आताच्या क्यूआरमध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयची डिजिटल सही असते, त्यांच्या अ‍ॅपने स्कॅन केलं की सही खरी आहे का ते कळतं, आत एक अक्षर जरी बदललं तरी ती जुळत नाही.