भाषा व लोकेल निवड (ऑपरेटिंग सिस्टिमच्या इन्स्टॉलरमधील)

ऑपरेटिंग सिस्टिम संगणकावर बसवताना इन्स्टॉलर सुरुवातीलाच वापरकर्त्याची भाषा व देश विचारून त्यांवरून लोकेल ठरवतो, ती प्रक्रिया. लोकेल म्हणजे वर्णक्रम, तारीख, चलन, अंकलेखन, संदेशांची भाषा इत्यादींबाबतच्या संकेतांचा संच. येथे मुख्यतः डेबियन या लिनक्स वितरणाच्या इन्स्टॉलरचा विचार केला आहे.

लोकेल या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. युरोपीय संगणक उत्पादकांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या एक्स/ओपन गटाच्या मार्गदर्शिकांत तिचे मूळ आहे, असे एक मत. दुसरे मत सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकी मानकाला व त्यातील ‘सेटलोकेल’ या फंक्शनला अग्रमान देते. वर्णक्रम, चलन, अंक, वेळ अशी प्रवर्गवार विभागणी सी मानकात आढळते. संदेशांच्या भाषेचा प्रवर्ग मात्र त्यात नाही, तो एक्स/ओपन व पॉझिक्स (युनिक्ससदृश प्रणालींसाठीचे मानक) यांच्या परंपरेतला आहे. त्यामुळे दोन स्वतंत्र प्रवाह १९९० च्या सुमारास एकत्र आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लोकेलच्या नावात आयएसओ ६३९ मधील भाषेचा संकेत आणि आयएसओ ३१६६ मधील देशाचा संकेत अधोरेषेने जोडतात, मराठीसाठी ‘एमआर_आयएन’. भाषा आणि देश असे एकाच नावात बांधले गेल्याने, भाषा एका देशाची आणि वास्तव्य दुसऱ्या देशात अशा माणसाची अडचण होते.

डेबियनचा सध्याच्या घडणीचा इन्स्टॉलर ३.१ (सांकेतिक नाव सार्ज, जून २००५) या आवृत्तीबरोबर आला. त्यात भाषा व देश विचारणारे घटक वेगळे होते. पुढे ते ‘लोकेलचूझर’ या एकाच घटकात विलीन झाले. प्रश्न मात्र दोनच राहिले, आणि ते योग्यच झाले. फ्रेंचसारखी अनेक देशांत अधिकृत असलेली भाषा निवडल्यास तेवढ्याच देशांची छोटी यादी समोर येते. मराठीसारख्या एकाच देशाशी जोडलेल्या भाषेसाठी आशियातील देशांची यादी दिसते व भारत आधीच निवडलेला असतो. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला येथून मागे जाऊन उत्तर अमेरिका खंड व त्यातून अमेरिका निवडावी लागते. मराठी व अमेरिका या जोडीचे लोकेल अस्तित्वात नाही. भाषेची अनेक लोकेल असती तर इन्स्टॉलरने पसंती विचारली असती. मराठीचे एकच असल्याने तो न विचारता भारताचे लोकेल लावतो आणि देशाची निवड कालविभागासाठी वापरतो. परिणामी घड्याळ अमेरिकेचे चालते, अंकांचे गट १२,३४,५६७ असे लाखांत पडतात, चलन रुपया राहते आणि कागदाचा आकार ए-४ धरला जातो, जरी त्या घरातल्या प्रिंटरमध्ये लेटर आकाराचा कागद असला तरी.

इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठी आली ती ५.० (लेनी, १४ फेब्रुवारी २००९) या आवृत्तीत. अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी व सर्बियन या भाषाही तिच्याबरोबरच आल्या. त्या वेळी एकूण ६३ भाषांपैकी ५० मजकुरी इन्स्टॉलरमध्ये उपलब्ध होत्या आणि १३ केवळ चित्रमय इन्स्टॉलरमध्ये. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, तमिळ, मल्याळम व नेपाळी या सर्व दुसऱ्या गटात होत्या. कारण लिपीच्या मांडणीत आहे. साध्या कन्सोलवर (केवळ मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर) प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक चौकट मिळते आणि चिन्हे साठवलेल्या क्रमानेच उमटतात. ‘कि’ मधील ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते ‘क’ नंतर, पण काढावी लागते त्याच्या आधी. ‘क्त’, ‘र्म’ यांसारख्या जोडाक्षरांत तर अनेक संकेतांची मिळून एकच आकृती होते. ही फेरमांडणी करणारी यंत्रणा चित्रमय इन्स्टॉलरबरोबर, म्हणजे ४.० (एच, एप्रिल २००७) पासून अधिकृतपणे मिळाली. भाषांतरकारांनी कितीही काम केले असते तरी त्याआधी मराठी पडद्यावर धड दिसली नसती, ही गोष्ट भाषांतराच्या टक्केवारीवरून चालणाऱ्या चर्चेत सहसा सुटते.

वर्णक्रमाचा प्रवर्गही मराठीसाठी महत्त्वाचा आहे. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर. नावांची यादी लावताना निव्वळ संकेतक्रम पाळला, तर ती मराठी कोशाच्या क्रमाशी जुळत नाही.

भाषांच्या यादीत ‘सी’ (कोणत्याही भाषा-देशाशी न बांधलेले मूळ लोकेल) हाही पर्याय असतो. तो घेतल्यास प्रक्रिया इंग्रजीत चालते व बसवलेल्या प्रणालीत लोकेलची सोय येत नाही. विंडोजच्या सेटअपमध्ये भाषा व वेळ-चलनाचे स्वरूप ही एकाच पानावर निवडता येतात. डेबियनमध्ये इन्स्टॉलरची निवड अंतिम नसते: लोकेल पॅकेजची फेररचना करून ते बदलता येते, आणि संदेश मराठीत ठेवून केवळ कागदाचा किंवा चलनाचा प्रवर्ग अमेरिकेच्या लोकेलवर नेता येतो.