स्लॉटेड अँगल रॅक

स्लॉटेड अँगल रॅक म्हणजे ठरावीक अंतरावर भोके पाडलेले पोलादी अँगल आणि चारही कडा दुमडलेल्या पत्र्याच्या फळ्या नट-बोल्टांनी जोडून उभी केलेली मांडणी. तिला वेल्डिंग लागत नाही, सुतारही लागत नाही. हाताशी दोन पाने (स्पॅनर) असले की ती घरच्या घरी उभी करता येते, खोलता येते आणि सामान वाढले की वाढवताही येते. किराणा दुकाने, औषधांची दुकाने, कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूम आणि शाळांची ग्रंथालये यांतून ती घरांत आली. बाजारात तिला नुसते 'लोखंडी रॅक' किंवा 'अँगलचा रॅक' म्हणतात. लहान फ्लॅटमध्ये कोरड्या गॅलरीत, स्वयंपाकघराच्या एका भिंतीला किंवा दाराआडच्या दीड-दोन फुटांच्या जागेत ती उभी राहते. या नोंदीचा भर तिच्या जोडणीवर आणि विस्तारावर आहे, कारण या रॅकचे खरे मोल तेथेच आहे.

पूर्वपीठिका

जुन्या मराठी घरात साठवण भिंतीत आणि छताखाली असे. कोनाडे, फडताळे, माळा, भांड्यांची मांडणी आणि धान्याच्या मडक्यांची उतरंड ही तिची नेहमीची ठिकाणे. यांतली उतरंड तेवढी गरजेप्रमाणे वाढे, बाकी सारे घर बांधतानाच ठरून जाई. भाड्याच्या खोल्या, बदल्या आणि फ्लॅट आल्यावर भिंतीत न अडकणारी, सोबत नेता येणारी साठवण लागू लागली.

सारख्या मापाचे सुटे भाग जोडत जाण्याची कल्पना फर्निचरात त्याआधीच रुजली होती. अमेरिकेत सिनसिनाटीच्या ग्लोब-वेर्निके कंपनीची, काचेची झडप असलेले खण एकावर एक रचत वाढवण्याची पुस्तकांची कपाटे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खपत होती. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या मेकॅनो या खेळण्यात तर स्लॉटेड अँगलचे तत्त्व जवळजवळ पूर्णपणे दिसते. भोके सारख्या अंतरावर असली की कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येते.

हे तत्त्व खऱ्या वजनासाठी वापरात आणण्याचे श्रेय डिमिट्रियस कोमिनो (१९०२–१९८८) यांना जाते. हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले ग्रीक वंशाचे अभियंते लंडनमध्ये छापखाना चालवत. लाकडी मांडण्या उभारायच्या, गरज बदलली की मोडायच्या आणि पुन्हा नव्याने करायच्या, यातली नासाडी टाळणारा भोकांचा अँगल त्यांनी तयार केला. डेक्सिऑन या नावाने तो १९४७ मध्ये बाजारात आला. पुढे अशा अँगलचे उत्पादन जगभर पसरले आणि भारतातही लहानमोठे कारखाने ते करू लागले.

घरासाठी निराळी वाटही याच सुमारास निघाली. स्वीडनमध्ये बोनिएर या प्रकाशनसंस्थेने घेतलेल्या स्पर्धेतून १९४९ मध्ये निस्से स्ट्रिनिंग यांची तारेच्या शिडीवर फळ्या टेकवणारी 'स्ट्रिंग' ही मांडणी पुढे आली. १९६० मध्ये जर्मनीत डीटर राम्स यांनी भिंतीवरच्या पट्ट्यांना फळ्या अडकवणारी ६०६ ही प्रणाली केली. दोन्ही आजही तयार होतात, आणि जुन्या संचाला नवा भाग जोडता येतो. दिसायला त्या अँगलच्या रॅकपेक्षा निश्चितच देखण्या आहेत. पण किंमत, वजन पेलण्याची ताकद आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटा भाग मिळण्याची सोय यांत अँगल पुढे आहे.

घटक आणि मापे

उभे अँगल सहसा १४ गेजचे, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीचे असतात. उंची साडेसहा, सात किंवा आठ फूट. फळ्या १८ ते २२ गेजच्या. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे: २० गेजची फळी सुमारे ०.९ मिलिमीटरची, तर २२ गेजची ०.७ मिलिमीटरची. सर्वांत चालणारी फळी तीन फूट रुंद आणि एक, सव्वा किंवा दीड फूट खोल असते. खालून मध्यभागी पत्र्याची पट्टी वेल्ड केलेली असेल तर तीच फळी बरेच जास्त वजन घेते. बोल्ट ८ मिलिमीटरचे, जुन्या मापात अडीच सुती. ८ मिलिमीटरच्या बोल्टला १३ नंबरचा पाना लागतो. वरच्या आणि खालच्या फळीला चारही कोपऱ्यांत त्रिकोणी प्लेट बसवतात. त्या काही पैसे वाचवण्यासाठी गाळल्या तर रॅक डुलतो.

वाढवणे

एका रॅकला चार अँगल लागतात. शेजारी दुसरा जोडताना मधले दोन अँगल सामाईक ठेवता येतात, म्हणून दोन रॅकना सहा आणि तीन रॅकना आठ पुरतात. लोखंडाची ही बचत खरी असली, तरी तिच्यासोबत एक उणीव येते आणि विक्रेते ती क्वचितच सांगतात. अँगलचा छेद काटकोनी असतो. त्याचा एक बाहू रॅकच्या बाजूला आणि दुसरा पुढच्या तोंडाला येतो. पहिल्या फळीचा कोपरा या दोन्ही बाहूंना बोल्टने धरला जातो. शेजारच्या फळीच्या वाट्याला मात्र फक्त बाजूचा बाहू येतो, कारण पुढचा बाहू तिच्याकडे वळलेलाच नसतो. शिवाय मधल्या अँगलवर दोन्हीकडचे अर्धे-अर्धे वजन उतरते. डबे, कपडे, गाद्यांचे अभ्रे यांना हे चालून जाते. पुस्तके, फाइली, धान्याचे पिंप किंवा हत्यारे ठेवायची असतील तर मध्ये दोन अँगल पाठीला पाठ लावून बोल्टने आवळावेत. चार अँगल जास्त लागतात असे वाटते, प्रत्यक्षात दोनच. प्रत्येक रॅक स्वतंत्र उभा राहतो आणि उद्या एकच हलवायचा झाल्यास दुसरा रिकामा करावा लागत नाही.

सामाईक अँगल ठेवलाच तर दोन्हीकडच्या फळ्या एका पातळीत घ्याव्यात. मग एकच बोल्ट दोन्ही कडा आणि अँगल यांतून आरपार जातो.

साठवण वाढवायची म्हणून चार-साडेचार फुटी फळी घेण्याचा मोह होतो, आणि तो टाळलेला बरा. फळीवर सलग सामान भरलेले असेल तर तिचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी आणि खोली तीच ठेवून लांबी दुप्पट केली की झोल सोळापट. तीन फुटांचे दोन खण सहा फुटांच्या एका फळीपेक्षा नेहमीच सरस ठरतात. भोके सारख्या अंतरावर असल्याने फळ्यांची उंची मात्र हवी तशी बदलता येते. दोन फळ्यांमधली वाया जाणारी वीतभर जागा काढून तेथे आणखी एक फळी बसवणे हा सर्वांत स्वस्त विस्तार आहे, कारण त्याला नवीन अँगल लागत नाही.

काटकोनात वळणारी जोडणी करताना एक ओळ कोपऱ्यापर्यंत सलग न्यावी आणि दुसरी तिला टेकवून सुरू करावी. कोपऱ्यात आत दडणारा भाग वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंसाठी ठेवावा: गणपतीचे मखर, दिवाळीचे कंदील, फराळाची मोठी पातेली.

भोकांचा आकार आणि अंतर प्रत्येक कारखान्याचे सारखे नसते. म्हणून नवा भाग आणायला जाताना जुन्या अँगलचा तुकडा किंवा निदान एक फळी सोबत न्यावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात धुंडाळले तर जुळणारा माल पुष्कळदा सापडतो. पहिल्या खरेदीतच जास्तीच्या दोन फळ्या आणि मूठभर बोल्ट घेऊन ठेवणे त्याहून शहाणपणाचे.

जोडताना सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवून ठेवतात. मग ओळंबा धरून अँगल सरळ करतात, पाठीमागचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आणतात आणि शेवटी पान्याने आवळतात. पहिला रॅक तिरका राहिला तर तिसऱ्या रॅकपाशी भोके जुळेनाशी होतात. गॅलरीच्या फरशीला पाण्यासाठी उतार असतो. तेथे पायाखाली पत्र्याच्या चकत्या घालून पाणसळीने पातळी साधावी लागते.

वजन आणि तोल

पुस्तकांची एक फूट ओळ साधारण दहा किलो भरते. तीन फुटी फळीवर तीस, पाच फळ्यांवर दीडशे किलो. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार (माणसे आणि सामान यांचे वजन) धरून आखतात, ग्रंथालयाच्या पुस्तकखोलीची मात्र ६०० किलो धरून. एखादा रॅक घराला सहसा जड होत नाही. पुस्तकांच्या चार-पाच रॅकची ओळ करायची असेल तर ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईच्या किंवा भारवाही भिंतीच्या कडेने लावावी, आणि इमारत जुनी असल्यास अभियंत्याला दाखवावी.

गोदामांत उंची खोलीच्या सहापटीहून जास्त झाली की रॅक उलटू नये म्हणून तो पक्का जखडण्याचा प्रघात आहे. घरातला सात फूट उंच, एक फूट खोल रॅक ही मर्यादा ओलांडतो. जड सामान खालच्या दोन फळ्यांवर ठेवावे आणि वरचे टोक भिंतीला बांधावे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. विटांच्या भिंतीत साधा फास्टनर पुरतो; सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या, भिंतीत तो सैल होतो, तेथे हलक्या ब्लॉकसाठीचा खास प्लग लागतो.

गंज

वाळवी लोखंडाला लागत नाही, पण गंज लागतो. कोकणात आणि गोव्यात खारी हवा फळीच्या दुमडलेल्या कडेपासून सुरुवात करते, कारण ओल तेथे साचते. पावडर कोटिंग साध्या रंगापेक्षा जास्त टिकते, तरी अँगल कापून आखूड केला की उघड्या टोकाला रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) आणि वर रंग लावावाच लागतो. पायांना प्लास्टिकचे बूट घातले की फरशीवर तांबडे डाग पडत नाहीत, मात्र बुटात पाणी साचत असेल तर अँगल आतून सडतो. भिंत आणि रॅक यांत दोन बोटे जागा सोडल्यास पावसाळ्यात भिंतीची ओल पुस्तकांना भिडत नाही. दिवाळीच्या साफसफाईत फळ्या रिकाम्या होतातच. बोल्ट पुन्हा आवळायला आणि गंजलेले बदलायला ती वेळ बरी.