इंजिनिअरिंग ग्राफिक्स की कॉम्प्युटर ग्राफिक्स? विमानाकडे जाताना होणारी गल्लत

"सर, हाई ग्राफिक्स आनि तुमनं ड्रॉइंग एकच शे ना?"

शिरपूरकडचे एक केळीवाले काका मुलाला घेऊन भेटायला आले होते, तेव्हाचा हा प्रश्न. शिरपूरला आणि धुळ्याजवळ गोंदूरला विमान उडवायला शिकवतात. लहानपणापासून डोक्यावरून शिकाऊ विमानं जाताना पाहिलेली, त्यामुळे पोराला विमान उडवायचं नाही, बनवायचंय. त्यानं मोबाइलमध्ये स्वतः केलेलं सेसना या छोट्या विमानाचं त्रिमिती मॉडेल दाखवलं. काचेवर ऊन चमकत होतं, पंखा फिरत होता, चाकांखाली सावली होती. काम खरोखर सुरेख होतं. त्याला वाटत होतं, विमान इंजिनिअरिंगचा निम्मा रस्ता आपण चालून आलोय.

चूक त्याची नाही. नावंच अशी आहेत. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ग्राफिक्स, म्हणजे ड्रॉइंग, असतं, आणि कॉम्प्युटर शाखेच्या मुलांना पुढे कॉम्प्युटर ग्राफिक्स. क्लासच्या पाट्यांवर ॲनिमेशन, कॅड (संगणकावरचं आरेखन), थ्रीडी हे तिन्ही शब्द एकाच ओळीत. पालकांनी फरक ओळखायचा तरी कशावरून?

फरक मला एका बेअरिंगनं नीट शिकवला, तोच आधी सांगतो.

आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं रिमोटवरच्या विमानासाठी ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट ब्लेंडर या त्रिमिती ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केला. त्यात ६०८ नंबरचं बेअरिंग बसायचं होतं. हे साधं, सगळीकडे मिळणारं बेअरिंग: आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिमी. मुलानं एसटीएल फाइल (तिच्यात आकार त्रिकोणांत साठवतात) पेन ड्राइव्हवर घेतली आणि एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेला. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, चालवणाऱ्या दादांनी फाइल उघडली, तर स्क्रीनवर नुसता ठिपका. एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं. मॉडेल मीटरमध्ये केलेलं, इथं ते मिलिमीटर म्हणून वाचलं गेलं, भाग हजारपट लहान झाला. ते निस्तरलं. मग दादांनी विचारलं, "होल कुठाय?" मुलगा म्हणाला, "हा काय समोर." दादा म्हणाले, "हा होल नाही, ही बत्तीस बाजूंची खिडकी आहे."

ब्लेंडरमध्ये सिलिंडर घेतला की न विचारता तो ३२ बाजूंचा येतो. २२ मिमी व्यासाचं भोक ३२ बाजूंनी केलं, तर प्रत्येक बाजू मध्यावर खऱ्या वर्तुळापेक्षा सुमारे ०.०५ मिमी आत येते. समोरासमोरच्या दोन बाजू धरल्या तर ०.१ मिमी. डोळ्याला हे कधीच दिसणार नाही. पण बेअरिंगच्या बैठकीसाठी नेहमीची एच७ मर्यादा लावली, तर २२ मिमीच्या भोकाला मुभा किती? २२.००० ते २२.०२१. म्हणजे सगळी सूट ०.०२१ मिमीची, आणि चूक तिच्या पाचपट. दादांचा पुढचा प्रश्न याहून महत्त्वाचा होता: "हे माप कुठल्या फेसपासून धरायचं?" फेस म्हणजे भागाचा पृष्ठभाग. फाइलमध्ये याचं उत्तरच नव्हतं.

इथं दोन विद्या वेगळ्या होतात. कॉम्प्युटर ग्राफिक्सला वस्तू कशी दिसेल याचं उत्तर द्यायचं असतं. ड्रॉइंगला सांगावं लागतं की ती कशी बनेल, आणि बनल्यावर बरोबर बनली का हे कुठून कुठपर्यंत मोजायचं.

ग्राफिक्समध्ये सगळं त्रिकोणांत का मोडतात, यालाही पक्कं कारण आहे. कुठलेही तीन बिंदू घ्या, ते एकाच सपाट प्रतलात असतात; चार घेतले की हमी संपली. म्हणून संगणकाला त्रिकोण भरणं सोपं आणि झटपट जातं. फ्लाइट सिम्युलेटरला सेकंदाला ६० चित्रं काढायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तिथं वेग हाच जीव. मग त्रिकोण कमी ठेवायचे आणि गोलाई प्रकाशातून दाखवायची. आँरी गुरो यांची पद्धत १९७१ सालची, बुई तुओंग फाँग यांची १९७५ ची, दोन्ही अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या. कडांवर उजेड असा मिसळायचा, की सपाट तुकडे डोळ्याला एकसंध वाटावेत. पृष्ठभाग सपाटच राहतो, गोल होते ती फक्त छटा. एखाद्या गेममधल्या विमानाच्या धडाची बाह्यरेषा आकाशाच्या पार्श्वभूमीवर निरखून बघा. पोट गुळगुळीत दिसेल, कडेला मात्र कोपरे सापडतील.

हेच खऱ्या मापाला लावून बघू. विमानाचं धड ४ मीटर व्यासाचं धरा आणि त्याचा घेर ६४ बाजूंनी काढा. चित्रात ते अगदी गोल वाटेल. पण प्रत्येक बाजूच्या मध्यावर पत्रा खऱ्या वर्तुळापेक्षा सुमारे २.४ मिमी आत असेल. आता रिव्हेटकडे या. विमानाच्या पत्र्याला १/८ इंची, म्हणजे ३.१७५ मिमीचा रिव्हेट मारायचा तर ३० नंबरचं ड्रिल लागतं, भोक ३.२६ मिमीचं. दोघांत फट ०.०९ मिमी. जिथं इतक्याशा फटीचा हिशोब असतो, तिथं २.४ मिमीला कोण उभं करणार?

मग विमानाचा वळणदार आकार ड्रॉइंगवाले पकडतात कसा? माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत गोड भाग हाच आहे, आणि वर्गात त्याला सर्वांत कमी वेळ मिळतो.

एक केळं समोर ठेवा. एलिव्हेशन (समोरून), प्लॅन (वरून), साइड व्ह्यू (बाजूनं), तिन्ही काढता येतील. पण त्यावरून दुसऱ्या कुणाला तेच केळं घडवता येणार नाही, कारण मापं कुठं टाकायची? ना कुठली कड सरळ, ना कुठला भाग वर्तुळ. छेद घ्याल तर तोही गोल नाही, बोथट कोपऱ्यांचा. तेव्हा एकच उपाय: देठापासून ठरावीक अंतरावर काप घ्यायचे, प्रत्येक कापाची बाह्यरेषा आलेखाच्या कागदावर उतरवायची, आणि मग लांबीच्या दिशेनं ते बिंदू एका वाहत्या रेषेनं जोडायचे. विमानाचं धड अगदी असंच मांडतात. लांबीच्या दिशेचे काप म्हणजे स्टेशन, उंची मोजायची ती वॉटर लाइनपासून, आणि मधल्या अक्षापासून डावं-उजवं अंतर म्हणजे बट लाइन. वॉटर लाइन हा शब्द जहाजबांधणीतून आला. या कामाचं नावही तिथलंच: लॉफ्टिंग. लॉफ्ट म्हणजे माळा. जहाजाच्या कारखान्यात माळ्यावरच्या लांबरुंद फळ्यांवर पूर्ण मापाची रेघ मारायचे, म्हणून ते माळ्यावरचं काम.

ती वाहती रेघ मारायला लाकडाची लवचिक पट्टी वापरत आणि ती जागेवर दाबून धरायला वजनं ठेवत. त्या पट्टीला स्प्लाइन म्हणत. संक्रांतीचा पतंग करताना कामटी वाकवली असेल, तर तुम्हाला हे हातानं माहीत आहे. दोन टोकं धरून मध्ये दाब दिला की कामटी स्वतःच सगळ्यांत सहज वळण घेते, कुठं टोचत नाही, कुठं फुगत नाही. पुढं गणितानं ही कामटी कागदावरून समीकरणात नेली. दुसऱ्या महायुद्धात नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये रॉय लायमिंग यांनी मस्टँग विमानाची वळणं शांकवांच्या, म्हणजे शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांच्या, समीकरणांनी मांडली. फ्रान्समध्ये सिट्रोएनमध्ये द कास्तेल्झो आणि रेनॉमध्ये बेझिये यांनी मोटारींच्या पत्र्यासाठी वक्रांचं गणित रचलं. आज कॅडमध्ये मुलं लॉफ्टची कमांड देतात, स्प्लाइन ओढतात. त्या दोन्ही शब्दांत एक माळा आणि एक लाकडी पट्टी आहे.

आता गंमत अशी, की कॉम्प्युटर ग्राफिक्स हा शब्दसुद्धा विमानाच्याच कारखान्यातून आला. १९६० साली बोइंगमधले विल्यम फेटर यांनी तो वापरात आणला. शब्द सुचल्याचं श्रेय ते स्वतः आपले वरिष्ठ व्हर्न हडसन यांना देत. वैमानिकाचा हात कॉकपिटमधल्या कोणत्या बटणापर्यंत पोचतो हे बघायला फेटर यांनी संगणकावर माणसाची आकृती काढली. म्हणजे दोन्ही विद्या एकाच गोठ्यातल्या. बेझियेचा वक्र दोघींच्याही पुस्तकात येतो. त्यामुळे गल्लत होणं साहजिकच, पण कामं वेगळी.

ही दोन्ही एकाच पडद्यावर बघायची असतील तर ऑटोकॅड उघडा. वर्तुळ काढा आणि खूप झूम करा. कधीकधी ते सरळ तुकड्यांचं दिसू लागतं. नवीन मुलगा घाबरतो, "सर, माझं सर्कल बिघडलं." मी म्हणतो, रीजेन दे, म्हणजे चित्र नव्यानं काढायची कमांड. रीजेन दिलं की वळण परत येतं. बिघडलं काहीच नव्हतं. फाइलमध्ये केंद्र आणि त्रिज्या जशीच्या तशी होती. पडद्यानं सोयीसाठी ती तुकड्यांत दाखवली होती. पडद्यावरचं ते कॉम्प्युटर ग्राफिक्स, फाइलमधलं ती भूमिती. ब्लेंडरच्या त्या ब्रॅकेटला कितीही रीजेन दिलं असतं तरी गोल भोक परत आलं नसतं, कारण खाली गोल कधी नव्हताच.

कॅड येतं म्हणजे ड्रॉइंग आलं, असंही समजू नका. अचूक मॉडेल हातात असूनही कुठला फेस डेटम, म्हणजे मोजमापाचा आधार, कुठल्या भोकाला किती सूट, कुठली कड घासून गोल करायची, हे मॉडेल आपणहून बोलत नाही. बोइंग ७७७ हे संगणकावरच पूर्ण आरेखन झालेलं पहिलं प्रवासी जेट मानलं जातं. १२ जून १९९४ ला ते पहिल्यांदा उडालं. कॅटिया या सॉफ्टवेअरमध्ये भाग आधीच एकमेकांत बसवून पाहिले, म्हणून पूर्वीसारखं आख्खं लाकडी-पत्र्याचं मॉक-अप बांधायची गरज उरली नाही. आता तर मापं आणि सूट थेट त्रिमिती मॉडेलवरच लिहितात, कागदाची शीट बऱ्याच ठिकाणी गेली. पण शीटवर जे लिहायचो तेच तिथं लिहायचं असतं. कागद गेला, भाषा गेली नाही.

त्या भाषेतली एक खोड लक्षात ठेवा. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ प्रमाणे; अमेरिकी ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं. एकात वरून दिसणारं दृश्य खाली काढतात, दुसऱ्यात वर. कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह न बघता शीट वाचली, तर डावीकडचा भाग उजव्या हाताला बनतो.

म्हणून काकांना मी सांगितलं: सिम्युलेटर, कॉकपिटमधले डिस्प्ले, देखभालीचं प्रशिक्षण, हवेच्या प्रवाहाची चित्रं, यांत जायचं असेल तर कॉम्प्युटर ग्राफिक्स मनापासून शिकू द्या, ती मोठी विद्या आहे. पण याला विमान बनवायचंय, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात अप्रेंटिस व्हायची स्वप्नं बघतोय, तर आधी मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंग बोर्डवर रेषा आखायचं साधन) आणि पेन्सिल. निदान सहा महिने. डोळे मिटून वस्तू मनात फिरवता आली, लपलेली कड कुठल्या व्ह्यूत तुटक येते हे न अडता सांगता आलं, की मग कॅड. क्लास लावताना एकच विचारा: शेवटी मुलाच्या हातात व्हिडिओ येणार की मापं-सूट लिहिलेली शीट?

पोराचा चेहरा पडला होता. त्याच्या सेसनात वाईट काहीच नव्हतं, फक्त पंखाचा आकार नजरेनं बेतलेला होता. सेसना १७२ च्या पंखाचा छेद चार आकड्यांत सांगता येतो, एनएसीए २४१२. कॉर्ड म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर. कॉर्डच्या २ टक्के बाक, तो ४० टक्क्यांवर, आणि जाडी १२ टक्के. १५०० मिमीची कॉर्ड घेतली तर बाक ३० मिमी, पुढच्या कडेपासून ६०० वर, जाडी १८० मिमी. हे ऐकून तो पुढे सरकून बसला. मग मी त्याला घरचं केळं दिलं अभ्यासाला: दर २ सेंमीवर काप, आलेखाचा कागद, आणि रेषा जोडायला बांबूची कामटी.

आठ दिवसांनी त्याचा फोटो आला. दहा काप, कागदावर नीट अक्ष आखलेला, प्रत्येक स्टेशनला नंबर. पाठीची रेघ छान वाहत आली होती, फक्त सहाव्या स्टेशनला कामटी बिंदूवर बसत नव्हती, तिथं रेषेला दोन मिमीचा फुगवटा आला होता. खाली त्यानं लिहिलं होतं, "सर, केळं असं नाहीये. आखताना काप सरकला असणार. सहावा परत घेतो."