अमेरिकेतून येऊन भारतातलं मूल दत्तक घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि मुक्कामाची आखणी

दत्तकाचा विचार पक्का झाला की बहुतेक जोडपी आधी सुट्टीचा हिशोब मांडतात. त्याआधी स्वतःचं नागरिकत्व तपासा. भारत 2003 पासून हेग दत्तक कराराचा (एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) सदस्य आहे, अमेरिकाही आहे, त्यामुळे मूल अमेरिकेत न्यायचं तर हेग पद्धतीनंच न्यावं लागतं. त्याचा पहिला अर्ज, आय-800ए, अमेरिकेच्या नागरिकालाच करता येतो. जोडप्यात एकजण नागरिक असला तरी चालतं. दोघंही ग्रीन कार्डवर किंवा एच-1बीवर असाल तर हा मार्ग बंद आहे. भारतात दत्तक आदेश होतो आणि मुलाला व्हिसा मिळत नाही, अशी अवस्था ओढवू शकते. म्हणून नोंदणीआधी इमिग्रेशन वकिलाकडून लेखी सल्ला घ्या.

भारताच्या बाजूचे निकष बाल न्याय कायदा 2015 आणि दत्तक नियमावली 2022 यांत आहेत. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांची संमती हवी. दोघांच्या वयांची बेरीज 2 वर्षांपर्यंतच्या मुलासाठी 85, 2 ते 4 साठी 90, 4 ते 8 साठी 100 आणि त्यापुढच्या मुलासाठी 110 पेक्षा जास्त नको. एकट्या पालकासाठी हीच मर्यादा अनुक्रमे 40, 45, 50 आणि 55 आहे. मूल आणि पालक यांच्या वयात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. आधीची दोन किंवा जास्त मुलं असतील तर विशेष गरजा असलेल्या किंवा सहज घर न मिळणाऱ्या मुलांसाठीच विचार होतो.

नात्यातलं मूल घ्यायचं असेल तर

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. गावाकडे दत्तकपत्र करायचं, नोंदवायचं, समारंभ करायचा आणि मग पासपोर्ट कार्यालयात जायचं, हा क्रम परदेशी राहणाऱ्यांना चालत नाही. हिंदू दत्तक कायद्याखाली घेतलेल्या मुलालाही देशाबाहेर नेण्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची, म्हणजे 'कारा'ची, एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते. बाल न्याय कायद्यातली 'नातेवाईक' ही व्याख्याही अरुंद आहे: काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, बस. सख्ख्या भावाबहिणीचं मूल त्यात बसतं, चुलत किंवा मावस भावाचं बसत नाही, मग घरात तुम्हाला काका म्हणत असले तरीही.

कागदांचा क्रम

अर्ज थेट भारतातल्या संस्थेकडे करता येत नाही. अमेरिकेतल्या, काराची मान्यता असलेल्या परदेशी दत्तक संस्थेमार्फत गृह अध्ययन अहवाल (तुमचं घर आणि कुटुंब दत्तकासाठी योग्य आहे का, याचा अहवाल) तयार होतो आणि तीच तुमची नोंदणी काराच्या पोर्टलवर करते. सोबत दोघांची जन्मप्रमाणपत्रं, विवाह प्रमाणपत्र, आधीचा घटस्फोट असल्यास त्याचा हुकूमनामा, वैद्यकीय दाखले, उत्पन्नाचा पुरावा, पोलीस दाखला, ओळखीच्यांची शिफारसपत्रं, पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड यांच्या प्रती जातात. नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) कशावर हवं, ते संस्थेकडून कागदानुसार लिहून घ्या.

मराठी घरांची नेहमीची अडचण नावांची. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, जन्मदाखल्यावर वडिलांचं, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव. हे तिन्ही नमुने एकाच व्यक्तीचे आहेत असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. पुढे आदेशाच्या वेळी शंका निघाली तर तुम्ही भारतात आणि मूळ कागद अमेरिकेत, अशी पंचाईत होते.

मुलाची माहिती आली की 96 तासांत पसंती नोंदवायची असते आणि 30 दिवसांत बाल अध्ययन अहवाल व वैद्यकीय अहवालावर सही करून स्वीकृती द्यायची असते. आंतरराष्ट्रीय दत्तकाचे कागद वाचायची सवय असलेला बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांचे एकाहून जास्त तारखांचे आकडे मागा. एकाच तारखेच्या आकड्यांवरून वाढीबद्दल फार काही सांगता येत नाही.

त्यानंतर आय-800 ची, म्हणजे ठरलेल्या मुलासाठी अमेरिकेकडे करायच्या दुसऱ्या अर्जाची, तात्पुरती मंजुरी, व्हिसा अर्ज, अमेरिकी दूतावासाचं हेग कराराच्या कलम 5 चं पत्र, काराची एनओसी आणि मग दत्तक आदेश. हा क्रम मोडू नका. आय-800 च्या मंजुरीआधी आदेश झाला तर अमेरिका तो ग्राह्य धरत नाही आणि आदेश रद्द करून घेण्याची पाळी येऊ शकते.

आदेश देण्याचा अधिकार 1 सप्टेंबर 2022 पासून न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा असा नियम आहे. मात्र जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रलंबित प्रकरणं न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे हलवण्याला अंतरिम स्थगिती दिली होती. महाराष्ट्रातल्या संस्थेतलं मूल असेल तर आपला अर्ज नेमका कुठे दाखल होणार, हे संस्थेला लेखी विचारा.

बालसंगोपन निधीचे 5,000 डॉलर भारतातल्या संस्थेला पावती घेऊन द्यायचे. 'लवकर करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. मुलाची खरेदी-विक्री आणि नियमबाह्य दत्तक, दोन्ही कायद्यानं गुन्हे आहेत.

कधी यायचं, किती राहायचं

आदेश आणि पासपोर्ट हातात आल्यावर आठवडाभरासाठी येणं सोयीचं वाटतं, पण मुलासाठी ते कठीण असतं. एनओसीनंतर, आदेश प्रलंबित असताना, हमीपत्र देऊन मुलाला भारतातच दत्तकपूर्व संगोपनासाठी सोबत ठेवता येतं. निदान एका पालकानं तरी हा पर्याय घ्यावा असं आम्ही आग्रहानं सांगू. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर बघा आणि परतीचं तिकीट बदलता येणारं काढा.

पहिले दोन-तीन दिवस संस्थेतच, मुलाला सांभाळणाऱ्या ताईंच्या सोबतीनं भेटा. त्या कशा भरवतात, कसं झोपवतात, कोणत्या नावानं हाक मारतात, शू-शीसाठी मूल कोणता शब्द वापरतं, हे लिहून घ्या. मूल ओडिशातलं किंवा झारखंडमधलं असेल तर तुमचं मराठी त्याला परकंच आहे, तेव्हा त्याच्या बोलीतले वीस-पंचवीस शब्द पाठ करा. त्याची चादर किंवा जुना फ्रॉक न धुता सोबत घ्या, तो वास त्याच्या ओळखीचा असतो. जेवण पहिले काही आठवडे तिथलंच ठेवा: मऊ भात, वरण, खिचडी. भरवणं, आंघोळ आणि झोपवणं फक्त तुम्ही दोघांनी करा. आजी-आजोबांना हे जड जाईल, त्यांना आधी नीट समजावून सांगा. बारशाचा समारंभ, पन्नास पाहुणे आणि कडेवरून कडेवर फिरणारं मूल हे सगळं नंतर. मूल रडतच नसेल, कुणाकडेही हसत जात असेल, तर ते रुळलं असं समजू नका. आपलं माणूस कोण, हे त्याला अजून कळलेलं नसतं. फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, अशा मुलाची ओळख उघड करणं कायद्यानं निषिद्ध आहे.

आदेशाचा मसुदा पाहायला मिळाला तर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि तुमच्या नावांचं स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासा. जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा त्यावरूनच बनतात. त्यानंतर काराचं हेग कराराच्या कलम 23 खालचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला), दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरकडची तपासणी आणि आयएच-3 व्हिसा (परदेशातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलाचा अमेरिकी व्हिसा). तपासणीत क्षयाची शंका आली तर थुंकीच्या कल्चरलाच (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीला) 8 आठवडे लागतात, तेव्हा सुट्टीत तेवढी सवड ठेवा.

आयएच-3 व्हिसावर अमेरिकेत राहायला आलेलं 18 वर्षांखालचं मूल प्रवेश होताच नागरिक होतं आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालानं घरी येतं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा पाठपुरावा अहवाल तुमची संस्था फोटोंसह काराकडे पाठवते. घर बदललंत तर पत्ता संस्थेला लगेच कळवा.